धूमकेतू नव्हे

९ मार्च २०२४, शनिवार
घराची गच्ची, सातारा. संध्याकाळी ७.३५ ते ८.१५. वायव्येला धुरकट.

साहित्य: १० बाय ५० चा बायनॉक्युलर (जुना, डाव्या काचेवर ओरखडा), कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड, लाल जिलेटिनचा कागद लावलेली बॅटरी, दोनशे पानी वही, शिसपेन्सिल.

काम एकच आहे. ऑक्टोबरात त्सुचिन्शान-ॲटलास हा धूमकेतू येणार आहे. तोवर धूमकेतू ‘आपला आपण’ शोधता आला पाहिजे, कोणी बोट दाखवलं म्हणून नव्हे. गेल्या वर्षी झेडटीएफ नावाच्या ‘हिरव्या धूमकेतू’पायी मी आठ रात्री जागले. ५ फेब्रुवारीला तो ब्रह्महृदय ताऱ्याच्या अगदी जवळ होता. मी नेमकं तिथेच बघत होते आणि तरी तो मला दिसला नाही, कारण मी हिरवं काहीतरी शोधत होते. तो हिरवेपणा कार्बनच्या जोडरेणूंचा. कॅमेऱ्याला तो दिसतो. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत, त्यामुळे एवढ्या अंधुक वस्तूचा हिरवाही राखाडीच होतो. बातम्यांतली चित्रं बघून आकाशात शोधायला गेलं की असं होतं.

सरावाला सध्या १२पी/पॉन्स-ब्रूक्स आहे. साधारण ७१ वर्षांनी येतो. १८१२ मध्ये पॉन्सने शोधला, १८८३ मध्ये ब्रूक्सला पुन्हा सापडला. आत्ता देवयानी तारकासमूहाच्या खालच्या अंगाला, संध्याकाळी वायव्येला.

७.५० ला सापडला! लांबट, मधे उजळ, कडेला विरत गेलेला. वहीत चित्र काढलं, शेजारचे चार तारे मांडले. अण्णांना हाक मारली. त्यांनी उजवा डोळा लावला (त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, डावा अजून व्हायचाय) आणि म्हणाले, “हाय खरं कायतरी. पण शेंडी कुठाय?”

शेंडी नव्हती. पण म्हटलं, असेल पुसट.

१० मार्च २०२४, रविवार
गच्ची. ७.४० ते ८.२०.

कालच्या चित्रावर बायनॉक्युलर धरला. तोच लांबट ढग, तेच चार तारे, त्याच जागी. जराही हललेला नाही.

पॉन्स-ब्रूक्स रोज अंशभर सरकतोय. अंश म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट अंतर. एवढं सरकलेलं आंधळ्यालाही कळेल. म्हणजे काल मी बघितला तो धूमकेतू नव्हता. नकाशा उघडला तर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्यासारखीच एक दूरची आकाशगंगा; नकाशातलं नाव एम३१. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची गोष्ट मी शेजारच्या गल्लीतली समजून बसले होते. धूमकेतू तिच्या खाली, डावीकडे आठ-नऊ अंशांवर होता, धुरकट पट्ट्यात बुडालेला.

अण्णांना सांगितलं. ते तीस वर्षं एसटीवर चालक होते. म्हणाले, “घाटात धुक्यात दिवा दिसला की आधी बघायचं, हलतोय का. हलत असंल तर गाडी. नसंल तर टपरी.”

हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. वहीच्या मागच्या बाजूने एक यादीही सुरू केली. शीर्षक: ‘धूमकेतू नव्हे’. क्रमांक १: एम३१.

३० मार्च २०२४, शनिवार
यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्यावर. ७.२० ते ७.५५. क्षितिज मोकळं, चंद्र नाही.

आज पॉन्स-ब्रूक्स मेष राशीतल्या सर्वांत ठळक ताऱ्याला, हमालला, खेटून आहे: अर्धा अंश, म्हणजे चंद्रबिंबाएवढं अंतर. अशी खूण वारंवार मिळत नाही. आधी गुरू, तिथून खाली-उजवीकडे हमाल. ७.३२ ला तारा मिळाला आणि त्याच्या बाजूला एक तारा ‘नीट बसत नव्हता’. बाकीचे तारे फोकसमध्ये टोकदार होतात, हा होईना. चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, तो आपला कापसाचा बोळाच.

एवढंच होतं. शेपटी नाही, रंग नाही. पण आधी चित्र काढलं आणि मग नकाशा बघितला, आणि जागा बरोबर आली.

कालपर्यंत मी ‘दिसतंय का’ एवढंच विचारत होते. आज कळलं की ‘कशासारखं नाही’ हे विचारायचं. न बसणारा तारा शोधायचा.

१० एप्रिल २०२४, बुधवार
गच्ची. पाडव्याचा दुसरा दिवस. पश्चिमेला बारीक चंद्रकोर आणि गुरू, जवळजवळ. नकाशाप्रमाणे धूमकेतूही तिथेच. ७.१५ ते ७.४० बघितलं. उसाच्या पाल्याचा धूर. नाही दिसला. वहीत ‘नाही दिसला’ असं लिहिलं.

(आधी मी अशा दिवशी काहीच लिहीत नसे. मग पंधरा दिवसांनी वाटायचं, बहुतेक दिसला होता.)

४ मे २०२४, शनिवार
चाळकेवाडीचं पठार. रात्री ९.३० ते १.३०. सोबत अण्णा आणि सुट्टीला आलेली भाची.

सज्जनगड मागे टाकला, ठोसेघर टाकलं, की पठारावर पवनचक्क्यांशिवाय काही नाही. वारा एवढा की स्टँडला दगडाची पिशवी बांधावी लागली. चंद्र पहाटे उगवणार, म्हणजे रात्र मोकळी.

आज धूमकेतू शोधायचाच नव्हता. आज ‘धूमकेतू नव्हे’ची यादी वाढवायची होती.

ही युक्ती माझी नाही. अठराव्या शतकात पॅरिसचा शार्ल मेसिए धूमकेतूंच्या मागे होता. १७५८ मध्ये एका धूमकेतूच्या वाटेवर त्याला वृषभेत एक ढग सापडला, आणि तो हलेना. मग त्याने फसवणाऱ्या अशा ढगांची यादीच करायला घेतली. वृषभेतला तो ढग यादीत पहिला, एम१. आज ती यादी ११० वस्तूंची आहे आणि जगभरचे हौशी लोक त्या वस्तूच हौसेने बघत बसतात. मेसिएच्या दृष्टीने तो रस्त्यातला अडथळा होता. त्याने शोधलेले धूमकेतू आज फारसे कोणाला आठवत नाहीत, अडथळे मात्र त्याच्या नावाने अमर झाले.

बायनॉक्युलर फिरवायची पद्धत ठरवली. एकदम सगळं आकाश बघायचं नाही. डावीकडून उजवीकडे सरळ एक पट्टा, मग निम्म्या क्षेत्राएवढं (क्षेत्र म्हणजे बायनॉक्युलरमध्ये एका वेळी दिसणारा गोल) खाली उतरून उजवीकडून डावीकडे दुसरा. संध्याकाळी पश्चिमेला वरून खाली यायचं. पहाटे पूर्वेला उलट. अण्णा म्हणाले, “म्हंजे नांगरट.” अगदी तेच. तासाला तास (नांगराच्या एका रेघेवर दुसरी) थोडा चढला पाहिजे, नाहीतर मधे पड राहतं.

दुसरी गोष्ट तिरप्या नजरेची. अंधुक वस्तूकडे थेट बघितलं की ती नाहीशी होते, जरा बाजूला बघितलं की परत उगवते. डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर रंग ओळखणाऱ्या पेशींची दाटी असते. अंधारात काम करणाऱ्या पेशी मध्यावर नसतात, त्या भोवतीने असतात. भाचीला हे पटेना. मग अण्णांनी तिला पठारावरच्या पायवाटेवर उभं केलं. “वाटेकडं बघ. दिसती का? आता बाजूच्या गवताकडं बघ.” तिला वाट दिसली. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्या वेळात कोणी मोबाइल काढला की घड्याळ पुन्हा शून्यावर. आज ते दोनदा झालं. (एकदा मीच.)

यादीत आज आलेले:
कर्केतला एम४४, पुष्याचा थवा. नुसत्या डोळ्यांना ढग, बायनॉक्युलरमध्ये लगेच फुटून तारे होतात. हा फसवत नाही.
एम३ आणि शौरीतला एम१३: दोन्ही बंदिस्त तारकागुच्छ, गोल, मधे दाट. बायनॉक्युलरमध्ये हुबेहूब शेपटी नसलेला धूमकेतू. एम१३ च्या दोन बाजूंना दोन तारे पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत, त्यावरून ओळखायचा.
दक्षिणेला, अकराच्या सुमारास, ओमेगा सेंटॉरी. साताऱ्याहून तो जेमतेम पंचवीस अंश वर येतो. केवढा मोठा! युरोपात बसलेल्या मेसिएच्या यादीत तो नाही, कारण त्याच्या क्षितिजावर तो येतच नव्हता. आपल्याकडे दिसतो, पण म्हणून फसायची जागाही आपल्यालाच एक जास्त.

आणि एम५. यावर जरा जास्त लिहिते.

भुजंगाच्या डोक्याच्या खाली, पाचव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे उजळपणाचा आकडा; आकडा मोठा तेवढा तारा अंधुक) एका ताऱ्याच्या अगदी कडेला हा बसलेला आहे. भाचीने नकाशाशिवाय, नांगरट करत शोधला. “मावशी, इथं एका ताऱ्याशेजारी पुसट पांढरं काय गं आहे?” मी बघितलं आणि खरं सांगायचं तर माझ्या पोटात गोळा आला. एवढा धूमकेतूसारखा. मग चित्र, मग नकाशा: एम५. घरी येऊन वाचलं तर हा मुळात धूमकेतूमुळेच सापडलेला आहे. मे १७०२ मध्ये बर्लिनमध्ये गॉटफ्रीड किर्श आणि त्यांची पत्नी मारिया एका धूमकेतूचा पाठलाग करत होते. वाटेत त्यांना हा ‘धुकट तारा’ लागला. मारिया किर्शने त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतः धूमकेतू शोधला होता. म्हणजे जिला दोन्हींतला फरक कळत होता अशा घरातच तो सापडला.

भाचीला सांगितलं की ३२२ वर्षं उशीर झालाय तुला. ती म्हणाली, “पण मी नकाशा न बघता शोधला ना?” बरोबर आहे.

परतताना गाडीत अण्णांनी १९६५ ची गोष्ट काढली. ते तेव्हा पंधराचे. दिवाळीच्या आसपास पहाटे मोटेवर जायचे, तेव्हा आग्नेयेला जमिनीतून उजेडाचा खांब उभा राहिल्यासारखं शेंडेनक्षत्र दिसायचं. गावात धूमकेतू कोणी म्हणत नव्हतं, शेंडेनक्षत्रच. पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबलेली. म्हातारी माणसं म्हणायची, आता राजाला वाईट. जानेवारीत शास्त्रीजी गेले आणि सगळं शेंडेनक्षत्राच्या माथी मारून लोक मोकळे झाले. “त्याला शोधावं लागत नव्हतं,” अण्णा म्हणाले. “तेच आपल्याला शोधत यायचं.”

तो इकेया-सेकी. दोन जपानी हौशी निरीक्षकांनी, वेगवेगळ्या गावांतून, एकाच पहाटे काही मिनिटांच्या फरकाने शोधलेला. इकेया पियानोच्या कारखान्यात कामाला, सेकी गिटार शिकवायचे.

१४ जुलै २०२४, रविवार
आकाश: नाही. चार आठवड्यांत एकही तारा बघितलेला नाही.

महाराष्ट्रातल्या निरीक्षकाचं वर्ष आठच महिन्यांचं. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू उत्तर गोलार्धात नुसत्या डोळ्यांना दिसत होता आणि आम्ही छत्र्या घेऊन गच्चीवर. या चार महिन्यांत करायचं काय, याचं उत्तर आता मिळालंय. सोहोच्या चित्रांवर सराव करायचा.

सोहो हे सूर्याकडे तोंड करून बसलेलं यान. १९९५ च्या डिसेंबरात सोडलेलं, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर. त्याचा कॅमेरा सूर्याच्या बिंबावर चकती धरतो, आपण उन्हात कपाळावर हात धरतो तसा, आणि भोवतीचं आकाश टिपतो. चित्रं सगळ्यांना खुली आहेत. त्यांत सूर्याकडे झेपावणारे बारके धूमकेतू दिसतात, आणि ते शोधणारे बहुतेक जण घरी बसलेले हौशी आहेत. याच मार्चमध्ये सोहोचा पाच हजारावा धूमकेतू नोंदला गेला.

दर बारा मिनिटांनी एक चित्र. वीस-पंचवीस चित्रं एकामागे एक फिरवायची. आणि इथेही खरं काम ‘नव्हे’चंच:
एकाच चित्रात चमकून गेलेला ठिपका म्हणजे कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण. धूमकेतू नव्हे.
सगळे मिळून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकणारे ठिपके म्हणजे मागचे तारे. धूमकेतू नव्हे.
दोन्ही बाजूंना आडव्या रेघा फुटलेला झगझगीत ठिपका म्हणजे ग्रह. धूमकेतू नव्हे.
पाच-सहा चित्रांत, सरळ रेषेत, सारख्या टप्प्याने सूर्याकडे जाणारा ठिपका: थांबा.

आज असा एक सापडला. छाती धडधडली. सोहोच्या धूमकेतूंची यादी उघडली तर कोणीतरी तो माझ्या किती तरी आधी कळवलेला. हरकत नाही. पण माझ्या डोळ्याने तो पकडला, हे पक्कं.

यांतले बहुतेक क्रॉइट्झ कुळातले. कधीकाळी फुटलेल्या एका अजस्र धूमकेतूचे तुकडे, सगळे त्याच वाटेने सूर्याला भिडायला जातात. अण्णांचा इकेया-सेकीही याच कुळातला. त्यांना स्क्रीनवर तो ठिपका दाखवला. बराच वेळ बघत राहिले. “हे असं? एवढंसं? म्हंजे आमच्या शेंडेनक्षत्राची ही नातवंडं म्हणायची.”

दुसरी बातमी वाईट. झेडनेक सेकानिना या जुन्या जाणत्या अभ्यासकाने लिहिलंय की त्सुचिन्शान सूर्यापाशी पोचण्याआधीच फुटणार. म्हणजे ऑक्टोबरात कदाचित काहीच नसेल. सराव मात्र चालू ठेवायचा. नाहीतरी पावसात दुसरं आहे काय.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार
अजिंक्यतारा. पहाटे ४.५० ते ६.००. ढग.

फुटलेला नाही! परवा, २७ तारखेला, सूर्याला सर्वांत जवळून, साधारण पावणेसहा कोटी किलोमीटरवरून, गेला आणि शाबूत आहे. फक्त आम्हाला दिसत नाही. जरंड्याच्या डोंगरावर ढगांची भिंत.

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार
अजिंक्यतारा. पहाटे ४.५५ ते ५.५५.

अजिंक्यताऱ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते हे मी गृहीत धरलं नव्हतं. पाच मिनिटाला एक जण: “काय शोधताय ताई?” सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “कधी पडणार?” धूमकेतू पडत नाही, पळत नाही, सेकंदात रेघ मारून जाते ती उल्का, हे आज अकरा वेळा सांगितलं. एक आजोबा म्हणाले, “मग त्यात बघायचं काय?” या प्रश्नाला माझ्याकडे पहाटे सव्वापाचला उत्तर नव्हतं.

मघा नक्षत्र वर आलेलं. खाली नांगरट सुरू केली, खालून वर. पहिला तास, काही नाही. दुसरा तास, जरंड्याच्या उजवीकडे, ५.२८: एक ठिपका आणि त्यातून सरळ वर निघालेला उजेडाचा दोरा.

शोधावा लागला नाही. क्षेत्रात शिरला आणि कळला. सहा महिने मी बोळे आणि ढग बघितले, त्यांतल्या कशालाच दिशा नव्हती. याला होती. शेपटी सूर्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे अजून न उगवलेल्या सूर्यापासून वर. ठिपका टोकदार, शेपटी तीन-साडेतीन अंश, बायनॉक्युलरच्या अर्ध्या क्षेत्राएवढी. नुसत्या डोळ्यांनी, जागा माहीत असल्यावर, तिरप्या नजरेने ‘आहे’ एवढंच.

त्याच्या उजळपणाची प्रत ठरवायचा प्रयत्न केला. पद्धत अशी: बायनॉक्युलर मुद्दाम इतका बिघडवायचा की शेजारचे तारे फुगून धूमकेतूच्या डोक्याएवढे होतील, मग कोणत्या ताऱ्याचा फुगा याच्याइतका उजळ आहे ते बघायचं. पण क्षितिजाजवळ एवढ्या खाली तारेच नव्हते तुलनेला. अंदाजे दुसरी-तिसरी प्रत. अंदाजेच.

५.४५ नंतर उजाडण्यात विरघळला. त्या आजोबांना दाखवायला वळले तर ते खाली उतरून गेले होते.

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार
आकाशात सूर्याच्या फार जवळ आहे, दिसणं शक्य नाही. पण सोहोच्या चित्रांत आहे! जुलैत ज्या चौकटीत मी धुळीएवढे ठिपके शोधत होते, तीच चौकट त्याने आज निम्मी व्यापलीय. डोकं इतकं झगझगीत की ग्रहासारख्या आडव्या रेघा फुटल्यात. तो आत्ता पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला आहे, त्यामुळे सूर्यप्रकाश त्याच्या धुळीतून आरपार आपल्याकडे फेकला जातोय. संध्याकाळच्या उन्हात कवडशातली धूळ चमकते, तसं.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार
दसरा. आज पृथ्वीला सर्वांत जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटर. पाच वाजता पश्चिमेला गडगडाट. आपट्याची पानं घेऊन गच्चीवर, भिजून खाली.

शेजारच्या पोराने ‘दिसला’ म्हणून फोटो पाठवला. मावळतीच्या उन्हात गुलाबी झालेली विमानाच्या धुराची रेघ. ‘धूमकेतू नव्हे’, क्रमांक २६. दुसऱ्या एकाने पाठवलेल्या फोटोत रस्त्यावरच्या दिव्याचं कॅमेऱ्याच्या काचेतलं भूत. क्रमांक २७.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार
चाळकेवाडी. संध्याकाळी ६.१५ ते ७.२०. सोबत अण्णा.

दुपारपासून ढग. अण्णा म्हणाले, “जाऊ. घाटात पोचल्याशिवाय धुकं कळत न्हाई.” गेलो. सव्वासहाला सूर्य ढगाआड बुडाला, पण क्षितिजाला चिकटून एक मोकळी फट होती, वीतभर उंच आणि चार विती रुंद. डावीकडे शुक्र आधी दिसला. त्याच्या उजवीकडे, त्याच्यापेक्षा खाली, बायनॉक्युलर फिरवत होते. तेवढ्यात अण्णा शांतपणे म्हणाले,

“ती बघ. पवनचक्कीच्या डाव्या पात्याच्या वर.”

नुसत्या डोळ्यांनी! ६.५२. संधिप्रकाशात एक पिवळट ठिपका, आणि त्यातून वर, किंचित डावीकडे कललेला पिसारा. चंद्राचा उजेड होता, ढग होते, तरी होता. पहिल्या प्रतीच्या आसपास. पातं फिरताना दर खेपेला त्याला झाकायचं आणि सोडायचं.

मी विचारलं, “अण्णा, तुम्हाला शोधावा कसा नाही लागला?” म्हणाले, “मी कुठं शोधला. समोर बघत हुतो.” मग डावा डोळा झाकला, उघडला, उजवा झाकला. “डाव्यानं मला शुक्राला पण शेंडी दिसती. उजव्यानं एकालाच. म्हंजे हाच.”

नऊ मिनिटं मिळाली. ७.०१ ला फट बुजली. चित्र: पान ६१. हात गारठल्याने शेपटी वाकडी आलीय, ती तशी नव्हती.

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार
कासचा रस्ता. ६.४५ ते ७.५०.

दोन दिवसांत केवढा वर आला! परवा शुक्राच्या खाली होता, आज शुक्र आणि स्वाती यांच्या मधे आणि दोघांच्याही वर. आकाश साफ, पण चंद्र जवळजवळ पूर्ण. नुसत्या डोळ्यांना शेपटी पाच-सहा अंश, तीही तिरप्या नजरेने. जगभरातल्या फोटोंत सूर्याच्या दिशेलाही एक बारीक सुळका दिसतोय, उलटी शेपटी. आपण त्याच्या कक्षेच्या पातळीतून जातोय, त्यामुळे मागे सांडलेली धूळ कडेने, रेघेसारखी दिसते. मला ती दिसली नाही. वहीत ‘नाही’ लिहिलंय.

पण आज मजा दुसरीच झाली. धूमकेतू क्षेत्राच्या मधोमध घेतला, चित्र काढायला लागले. शेजारचे तारे मांडताना त्यांतला एक ‘बसेना’. फोकस फिरवला, बसेना. क्षणभर वाटलं, धूमकेतूचा तुकडा पडला की काय. मग बघितलं: त्या बोळ्याला खेटून एक बारका तारा.

एम५!

नकाशा न उघडता ओळखला. मे महिन्यात पठारावर भाचीने सापडवून दिलेला, १७०२ मध्ये एका धूमकेतूच्या पाठलागात किर्श दांपत्याला सापडलेला, आज परत एका धूमकेतूच्या शेजारी. एकाच क्षेत्रात दोन धुकट डाग. एक सुमारे पंचवीस हजार प्रकाशवर्षं दूर, लाखो ताऱ्यांचा. दुसऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला चार मिनिटं, आणि आतला बर्फाचा गोळा आपल्या एखाद्या तालुक्यात मावेल एवढा. दिसायला, बायनॉक्युलरमध्ये, दूरची बहीण शोभावी. फरक: शेपटी. आणि उद्या दोघांतला एकच तिथे असेल.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, “बघ, मी आधीच शोधून ठेवला होता.”

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार
कोजागरी. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटतंय, सत्तर माणसं, सगळ्यांची तोंडं पूर्वेला चंद्राकडे. मी स्टँड लावून पश्चिमेला. रांग लागली. मुलांना चटकन दिसला, मोठ्यांना वेळ लागला. बायनॉक्युलरला डोळा लावायच्या आधीच “हो हो, दिसला” म्हणणारे किमान दहा. त्यांना मी विचारते, शेपटी कुठल्या बाजूला? गडबडतात. मग परत बघतात आणि तेव्हा खरा दिसतो.

मसाला दूध मला मिळेपर्यंत गार झालं होतं.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार
चाळकेवाडी. ७.१५ ते ९.००. चंद्र नाही, हवा धुतल्यासारखी.

भुजंगधारीत, चांगला तीन मुठी उंच. पाचव्या प्रतीच्या आसपास. इथे तुलनेला तारे भरपूर, फुग्यांची पद्धत नीट जमली. डोकं मोठं आणि विसविशीत झालंय, शेपटी लांब पण धुरासारखी. बघायला आता कोणी येत नाही. मला मात्र आजचा धूमकेतू १३ तारखेच्यापेक्षा जास्त आवडला, कारण तो अण्णांनाही बघताक्षणी दिसला नाही. नांगरट करून, तिसऱ्या तासाला सापडला.

काचेवर दव बसलं आणि दहा मिनिटं सगळेच तारे केसाळ दिसत होते. क्रमांक ३०.

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार
वसुबारस. सोहोच्या चित्रांत आज ॲटलास एस१ हा दुसरा धूमकेतू. महिनाभरापूर्वी सापडलेला, क्रॉइट्झ कुळातला, म्हणजे इकेया-सेकीचा भाऊबंद. लोक म्हणत होते दिवाळीत दिवसाढवळ्या दिसेल. सूर्याकडे जाताजाता विरला. आत गेला, पलीकडे आलाच नाही. अण्णा चष्मा लावून शेवटपर्यंत बघत होते. म्हणाले, “गेलं.” आणि गाईला घास द्यायला खाली गेले.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार
भाऊबीज. यवतेश्वरच्या पुढे. ७.१० ते ८.३०. फटाक्यांचा धूर खाली शहरावर, वर साफ.

आज नकाशा मुद्दाम घरी ठेवला, मोबाइल गाडीत. त्सुचिन्शान बघितला, दोन ओळी लिहिल्या. मग त्याला सोडून नैऋत्येकडून दक्षिणेकडे नांगरट. दहावा-अकरावा तास असेल. एक डाग. लहान, गोलसर, मधे जरा दाट. फोकसमध्ये बसत नाही. मागच्या पानांवरच्या तीस नोंदींत हा नाही. चित्र काढलं, भोवतीचे सहा तारे मांडले, त्यांतल्या दोघांत आणि त्याच्यात जवळपास समभुज त्रिकोण होतो.

घरी आल्यावर अण्णांनी वही मागून घेतली, उजव्या डोळ्याजवळ धरली.

“हलतंय का?”

“एकदाच बघितलंय अण्णा. उद्या कळेल.”

“मग नकाशा आत्ता उघडू नगंस.”

नाही उघडला. उद्या ७.१०, तीच जागा.